सही केलेल्या वीस प्रती

लेखक स्वतःचं पुस्तक बघायला दुकानात कधी जात नाही. तो खोडरबर घ्यायला जातो. माझ्या घरी असे एकतीस खोडरबर साठले होते, आणि गेली नऊ वर्षं मी संगणकावर लिहितोय.

बत्तिसावा घ्यायला मी एप्रिलमधल्या एका दुपारी इकुएसानच्या दुकानात शिरलो. आमच्या कुरेहामा गावात पुस्तकांचं हे एकच दुकान उरलंय. दुसरं होतं, तिथे आता टूथब्रशपासून कुत्र्याच्या खाण्यापर्यंत सगळं मिळतं, फक्त वाचायला काही मिळत नाही. इकुएसान सत्तरीच्या आहेत, आवाज इतका हळू की गिऱ्हाईक आपोआप वाकतं. मी खोडरबरांच्या खणासमोर उभा राहून डोळ्याच्या कोपऱ्यातून गल्ल्याशेजारच्या टेबलाकडे पाहिलं. माझी अकरावी कादंबरी, ‘वाऱ्याकडे पाठ’, तिथे रचून ठेवली होती. वीस प्रती. मी मोजल्या. खोडरबर निवडताना माणसाला भरपूर वेळ असतो.

वीस ही संख्या माझ्या दृष्टीने लहान नव्हती. मागच्या कादंबरीच्या इथे आठ प्रती होत्या. जानेवारीत आठ होत्या, मार्चमध्ये आठ होत्या आणि जूनमध्ये छत्री विसरल्याचं निमित्त करून गेलो तेव्हाही आठच होत्या. तरीही या बाईंनी यंदा वीस मागवल्या. मला भरून आलं. आणि भरून आलं की मी हमखास काहीतरी देऊ करतो.

“इकुएसान, सह्या करून देऊ का?” मी म्हणालो.

“छे छे, आपल्याला कशाला तो त्रास, सेन्सेई.” लेखकाला आमच्याकडे मास्तरासारखंच ‘सेन्सेई’ म्हणतात.

“त्रास कसला त्यात?”

“नाही, म्हणजे... सगळ्यांवर?”

“सगळ्यांवर.”

आता आमच्याकडची रीत अशी की, माणूस तोंडावर ‘हो’ म्हणत नाही आणि ‘नाही’ही म्हणत नाही. पहिला नकार हा शिष्टाचार असतो, दुसरा विनय. तिसरा आला तर समोरच्याने थांबून विचार करायचा असतो. इकुएसान तिसऱ्यांदा “सेन्सेई, मी काय म्हणत होते...” असं म्हणाल्या, गल्ल्याखालून एक वही अर्धवट बाहेर काढली आणि पुन्हा आत सारली. पण तोवर मी पाचव्या प्रतीवर पोचलो होतो. हातात ब्रशपेन होतं, खिशात माझ्या नावाचा शिक्का होता. (हो, शिक्का मी बरोबर घेऊनच खोडरबर आणायला जातो. त्यावर चर्चा नको.) सही, तिच्याखाली लाल शिक्का, आणि शाई समोरच्या पानाला लागू नये म्हणून मध्ये पातळ कागदाचा कपटा. वीसही प्रती. इकुएसान शेजारी उभ्या राहून कपटे फाडून देत होत्या आणि प्रत्येक कपट्याला “उपकार झाले” म्हणत होत्या. मी घरी परतलो तो दोन बोटं उंच होऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी नुकातासाननी मला माझ्या मूळ उंचीवर आणलं.

नुकातासान आमच्या गल्लीच्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष. नगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झाले, पण गळती शोधायची सवय काही सुटली नाही. मी कुंपण छाटत होतो, ते शेजारून कुठली फांदी चुकीची छाटली जातेय ते सांगत होते. बोलता बोलता मी सह्यांचं सहज सांगितलं. सहज म्हणजे, सकाळपासून चौथ्यांदा सांगत होतो.

“वीस?” नुकातासान म्हणाले. “वीसच्या वीस?”

“वीसच्या वीस.”

“मग मेली बिचारी.”

“कोण मेली?”

“अहो सेन्सेई, तुम्ही पुस्तकं लिहिता आणि तुम्हाला हे ठाऊक नाही? न खपलेली पुस्तकं दुकानदार घाऊकवाल्याकडे परत पाठवतो. त्याच्यावरच ही दुकानं जगतात. पण सही केलेलं पुस्तक परत घेत नाहीत. माझा जावई त्यांच्याच गोदामात आहे ना. सही म्हणजे डाग. ‘मळलेली प्रत’ असा शेरा मारतात आणि आल्या खोक्यातून परत.”

मी कात्री खाली ठेवली. ती सही मी सव्विसाव्या वर्षापासून घोटतोय. शेवटचा फराटा जमायला मला दोन कादंबऱ्या लागल्या. आणि शास्त्रानुसार तो डाग होता. तेवढ्यात नुकातासाननी, मी शेवटची फांदीही चुकीचीच छाटली, हे दाखवून दिलं.

घरी येऊन मी सुमिएला, म्हणजे माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती मटार सोलत होती.

“मग जाऊन इकुएसानना विचारा ना, अडचण झाली का म्हणून.”

“विचारलं तर नाही म्हणतील.”

“मग झालं तर.”

“अगं, त्या नाही म्हणाल्या म्हणजे हो.”

“अस्सं,” सुमिए म्हणाली, “मग सह्या करताना त्या नाही म्हणाल्या, तेव्हा ते काय होतं?”

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. या काळात तिने माझं एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही, कारण पुढे मी काय करणार ते तिला आधीच कळतं. मी उठून खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं.

माझ्या डोळ्यांसमोर त्या आठ प्रती येत होत्या. आठ खपत नाहीत तिथे वीस काय खपणार? एकट्या म्हाताऱ्या बाईच्या दुकानात मी माझं नाव लिहून वीस धोंडे ठेवून आलो होतो, आणि तिच्याचकडून कपटे फाडून घेतले होते. मी ठरवलं की हा ढीग तिथून उचलायचा, आणि तोही तिला न कळता.

मी स्वतः जाऊ शकत नव्हतो. सुमिएला सगळं गाव ओळखतं. सल्ल्यासाठी मी पुन्हा नुकातासानकडेच गेलो. पाणी मुरतंय हे ज्याने सांगितलं त्यालाच नळ दुरुस्त करायला बोलवावं, असा माझा हिशेब होता.

“सोपं आहे,” नुकातासान म्हणाले. “फिरत्या फाईलमध्ये घालू.”

फिरती फाईल म्हणजे मंडळाच्या सूचनांची पाटी. ती या घरातून त्या घरात जाते, प्रत्येक घर वाचून शिक्का मारतं आणि शेजारच्या दारात ठेवतं. गटार साफ करायची तारीख, हरवलेलं मांजर, दिवंगतांची नावं, असा मजकूर तिच्यात असतो. तिच्यात माझी कादंबरी?

“नको, नको,” मी म्हणालो. “लोकांना उगाच संकोच.”

“संकोच कसला.”

“नाही, पण खरंच नको.”

हे माझे दोन नकार झाले. नुकातासाननी पहिला शिष्टाचारात जमा केला आणि दुसरा विनयात. तिसऱ्याची मला संधीच मिळाली नाही, कारण ते फॉर्म आणायला आत गेले होते.

फॉर्म लागणारच होता, कारण मंडळाच्या नियमांत व्यापारी जाहिरातीला बंदी आहे, आणि तो नियम खजिनदार तोगाशीबाईंना तोंडपाठ आहे. तेव्हा माझी कादंबरी ‘सांस्कृतिक उपक्रम’ म्हणून दाखल करायचं ठरलं. उपक्रमाच्या फॉर्मात अकरा रकाने होते. ‘अपेक्षित उपस्थिती’मध्ये वीस लिहिलं. ‘आगीपासून बचावाची व्यवस्था’ या रकान्यावर बराच खल झाला आणि शेवटी ‘वाचकांनी घरी करावी’ असं लिहिलं. ‘पाऊस आल्यास’ हा रकाना मी रिकामा ठेवला होता. फॉर्म परत आला. मी ‘पावसातही वाचता येते’ असं लिहिलं. तो पुन्हा परत आला, कारण तिथे पर्यायी तारीख हवी होती. पाऊस आला तर लोक माझी कादंबरी पुढच्या रविवारी वाचतील, असं मी शेवटी लिहून दिलं आणि खाली माझी ती सही केली. इथे ती डाग नव्हती.

फाईल निघाली. नुकातासाननी ‘वाचले’ या रकान्याशेजारी स्वतःच्या हाताने आणखी एक रकाना आखला होता, ‘घेतले’, म्हणजे इकुएसानच्या दुकानातून. आणि पहिला शिक्का त्यांचा स्वतःचा. आमच्या गल्लीचा इतिहास असा आहे की वरच्या घराने शिक्का मारलेला रकाना खालच्या घराने कधी रिकामा सोडलेला नाही. एकोणीस घरं, एकोणीस शिक्के. विसावी प्रत मंडळाच्या कपाटासाठी. नऊ दिवसांत ढीग साफ.

मी सुटकेचा श्वास टाकला, तो अर्ध्यातच अडकला, कारण लोक घरी येऊ लागले. “घेतलं हं सेन्सेई, तुमचं पुस्तक.” एकाने घेतलं की आपण काही द्यायला हवं, म्हणून सुमिएने तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांची एकेक पुडी दिली. पुडी मिळाली की त्यांना काही द्यायला हवं, म्हणून ते मुळे घेऊन आले. महिनाभर आम्ही मुळा खाल्ला. कादंबरीबद्दलही लोक बोलले. एकाने कागद चांगला असल्याचं सांगितलं. दुसऱ्याने अक्षर मोठं असल्याचं सांगितलं. तोगाशीबाई तर फाटकाशी थांबून म्हणाल्या, “शेवट वाचून डोळ्यांतून पाणीच आलं हो.” माझ्या कादंबरीच्या शेवटी मासळीबाजाराच्या समितीची बैठक गणसंख्येअभावी तहकूब होते.

असो. इकुएसानचा भार उतरला होता. कृतज्ञ चेहरा बघायला मला आवडतो, हे मी लपवत नाही. मी तेहतिसावा खोडरबर आणायला गेलो.

टेबल रिकामं होतं. इकुएसाननी मला पाहिलं आणि त्या इतक्या खाली वाकल्या की गल्ल्याआड गेल्या.

“सेन्सेई, मला क्षमा करा,” आवाज आला.

“अहो, क्षमा कसली? सगळ्या खपल्या ना?”

“सगळ्या खपल्या. आता तुमच्या वाचकांना मी काय सांगू?”

मग त्यांनी ती वही काढली. या वेळी पूर्ण बाहेर काढली. तिच्यात एका पानावर वीस नावं होती. काही कामियामाच्या डोंगरातली, काही खाडीपलीकडची, दोन तर गाव सोडून गेलेल्यांची, टपालाने मागवणारी. माझं नवं पुस्तक येणार असं कळलं की ही माणसं नाव नोंदवून ठेवत. त्या वीस प्रती वीस माणसांच्या होत्या. त्या दिवशी इकुएसानना एवढंच विचारायचं होतं, की सह्या करताच आहात तर प्रत्येकाचं नाव घालून कराल का. पण सेन्सेईंना एवढं कसं सांगायचं?

“पण मग विकल्यात कशाला? नोंदवलेल्या आहेत म्हणून सांगायचं.”

“सेन्सेईंनी पाठवलेल्या माणसांना? मला वाटलं, सेन्सेईंचीच तशी इच्छा असेल.”

बुडता माणूस काडीला धरतो तसं मी त्या आठ प्रतींना धरलं. “मागच्या कादंबरीच्या आठ प्रती तर सहा महिने इथेच पडून होत्या. मी स्वतः बघितल्या.”

इकुएसान अवघडल्या. “एक गेली की मी लगेच दुसरी आणून ठेवायचे,” त्या म्हणाल्या. “सेन्सेई खोडरबर घ्यायला येतात, तेव्हा ढीग रिकामा दिसू नये म्हणून.”

हे त्या इतक्या आदराने म्हणाल्या की मला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. अकरा पुस्तकं लिहिली, आणि ती कोणी वाचतं हे मी एकदाही मनापासून खरं मानलं नव्हतं. लोकांनी पुस्तक घेतलं तर ते भिडेपोटी, एवढीच माझी कल्पना. म्हणून मी भीड घालून पुस्तक खपवायला निघालो, आणि ज्यांना वाचायचं होतं त्यांच्या हातातून ते काढून घेतलं.

“प्रकाशकाकडून नव्या प्रती मागवू,” मी म्हणालो.

“फोन केला होता. सगळ्या प्रती बाहेर गेल्यात म्हणाले. सप्टेंबरात परत येतील, तेव्हा पाठवू.”

“परत येतील?”

“त्याची त्यांना खात्री आहे,” इकुएसान म्हणाल्या. मग त्यांनी यादीतल्या पहिल्या नावावर बोट ठेवलं. “बाकीचे थांबतील. पण हाचियासान चारदा येऊन गेले. वर कामियामात तोफूचं दुकान होतं त्यांचं. काचबिंदू आहे. एक डोळा गेलाय, दुसरा ऑगस्टपर्यंत टिकेल असं डॉक्टर म्हणतात. जेवढं वाचायचंय तेवढं आत्ताच वाचून घ्या, असं सांगितलंय त्यांना. चारही वेळा म्हणाले, घाई नाही.”

तिसरा नकार नसला तरी या ‘घाई नाही’चा अर्थ मला कळला.

मी परतीची मोहीम काढली. एक, निदान एक प्रत मिळवायची. गल्लीतल्या एकोणीस घरांत माझी एकोणीस पुस्तकं न वाचता पडलेली आहेत, याबद्दल मला शंका नव्हती. पण मागायची कशी? ‘तुम्ही वाचत नाही, तर द्या’ असं म्हणणं म्हणजे अपमान. पहिल्या घरी मी नुसतं म्हणालो, “वाचून झालं असेल तर...” समोरचे गृहस्थ घाबरले. “छे, छे, आता कुठे रंगत आलीय.” दुसऱ्या घरी अर्धं झालं होतं. तिसऱ्या घरी सासूचं झालं होतं आणि सून सुरू करणार होती. नुकातासान म्हणाले की त्यांची प्रत मंडळाच्या प्रतीशी पडताळून बघायचं काम चालू आहे. आणि मंडळाच्या कपाटातली प्रत? ती आता मंडळाची मालमत्ता होती, तिला बाहेर काढायला फॉर्म होता, आणि त्यात ‘पाऊस आल्यास’ हा रकाना होताच.

मग सुमिएने युक्ती काढली. “छपाईत चूक झालीय म्हणा. पान एकशेबारा उलटं छापलंय. बदलून देतो म्हणा.”

युक्ती चांगली होती. पण उलटं पान आपल्या नजरेस आलं नाही, हे कबूल करणं म्हणजे आपण एकशेबाराव्या पानापर्यंत पोचलोच नाही हे कबूल करणं. आणि आमच्या गल्लीत अशी कबुली कोणी देत नाही.

“हो हो, एकशेबारा,” चौथ्या घरचे म्हणाले. “उलटंच होतं. आम्ही पुस्तक फिरवून वाचलं. आम्हाला वाटलं, सेन्सेईंचा काहीतरी नवा प्रयोग असेल.”

“फार परिणामकारक वाटलं,” त्यांची बायको आतून म्हणाली.

मी हात हलवत परत आलो.

त्यानंतरचा बुधवार हा रद्दीचा दिवस होता. सकाळी साडेसातला मी आमची वर्तमानपत्रं बांधून कोपऱ्यावर न्यायला निघालो. तिथे गठ्ठे शिस्तीत लावलेले असतात, प्रत्येकाला कागदी सुतळीची चौकडी गाठ. माझा गठ्ठा ठेवायला वाकलो आणि शेजारच्या गठ्ठ्यात, बायकांचं मासिक आणि सुपरमार्केटच्या जाहिराती यांच्यामध्ये, मला माझं नाव दिसलं. ‘वाऱ्याकडे पाठ’. पलीकडच्या गठ्ठ्यात आणखी एक. भिंतीकडच्या गठ्ठ्यात तिसरं.

वाईट वाटलं का? वाटलं. पण खरं सांगतो, त्याहून जास्त आनंद झाला. आपलं पुस्तक रद्दीत बघून हरखलेला लेखक मी पहिलाच असेन. मी गुडघ्यांवर बसलो आणि गाठ सोडायला लागलो. पहिलं पुस्तक सुटलं, दुसरं सुटलं. तिसऱ्याची गाठ हट्टी होती, म्हणून दात लावले.

“सेन्सेई.”

दंडावर पिवळी पट्टी बांधून तोगाशीबाई उभ्या होत्या. त्यांची पहाऱ्याची पाळी होती.

“इथून काही नेता येत नाही. नगरपालिकेचा नियम आहे.”

“पण हे माझं आहे,” मी सुतळी तोंडातून काढून म्हणालो.

“इथे ठेवलं की गावाचं. नोंद करावी लागेल.” त्यांनी नोंदवही उघडली, पेन काढलं, आणि मी कशाच्या गाठी सोडतोय ते लिहायला खाली पाहिलं. मग त्या थांबल्या. माझ्या हातातल्या गठ्ठ्यावर सर्वांत वर एक पाकीट होतं आणि पाकिटावर तोगाशी हे नाव स्वच्छ अक्षरात होतं. पुस्तकातला पातळ कपटा जिथे इकुएसाननी ठेवला होता तिथेच, न हलता बसला होता.

आम्ही दोघं त्या गाठीकडे बघत राहिलो. कोणी आधी बोलावं हा मोठा प्रश्न होता. साठीच्या बाई, शेवट वाचून रडलेल्या. आणि साठीकडे झुकलेला लेखक, रस्त्यावर गुडघे टेकलेला, तोंडात सुतळीचे तंतू. त्यांचे कान लाल झाले होते आणि माझेही झाले असणार, कारण ते गरम लागत होते.

“सुनेने टाकलं असेल,” शेवटी त्या म्हणाल्या.

“असेल. चुकून होतं.”

“चुकूनच.” मग त्या माझ्या शेजारी बसल्या, कमरेच्या बटव्यातून छोटी कात्री काढली, सुतळी कापली, पुस्तक पदराने पुसावं तसं बाहीने पुसलं आणि माझ्याकडे दोन्ही हातांनी दिलं. उघडे पडलेले तिन्ही गठ्ठे आम्ही दोघांनी मिळून पुन्हा बांधले. नोंदवहीत त्यांनी काय लिहिलं ते मला नंतर मंडळाच्या बैठकीत कळलं. ‘एक गृहस्थ गाठी सैल झालेले गठ्ठे बांधण्यास मदत करताना आढळले. आभार मानले.’

तीनपैकी दोन प्रती मी इकुएसानच्या टेबलावर ठेवल्या. कुठून आल्या ते त्यांनी विचारलं नाही. “दोन पुरतील,” त्या म्हणाल्या. “एकाचं झालं की दुसऱ्याकडे जाईल. तुमच्या वाचकांना धीर आहे.” तिसरी प्रत मी स्वतः घेऊन कामियामाची बस पकडली. त्या वेळी मला वाटत होतं की हे प्रायश्चित्त आहे. थोडंसं असंही वाटत होतं, की लेखक स्वतः दारात आलेला बघून म्हातारा किती आनंदेल. माझा स्वभाव दातांनी गाठ सोडूनही सुटत नाही.

हाचियासान शेगडीशेजारी बसले होते. वाळकी, ताठ मूर्ती, हातांचे तळवे मात्र अजून पांढरे, जन्मभर पाण्यात काम केल्याचे. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी भिंग उचलून माझा चेहरा बघितला, बराच वेळ, आणि मग घाईघाईने बसायला उशी पुढे सरकवली. फडताळात माझी दहा पुस्तकं ओळीने होती. पहिल्या दोन पुस्तकांच्या कडा तेलकट झाल्या होत्या. तेवढी वापरलेली माझी पुस्तकं मी आजवर कुठे पाहिली नव्हती.

मी अकरावं पुढे केलं. मलपृष्ठावर सुतळीचा वळ उमटला होता. त्यावरून त्यांचं बोट फिरलं, आणि माझ्याने राहवलं नाही.

“हाचियासान, हे मी रद्दीतून काढून आणलंय,” मी म्हणालो. आणि सगळंच सांगितलं. सह्या, फाईल, मुळे, उलटं पान.

ते ऐकत होते. मध्येच हसले, एकदा तर डोळे पुसले. “म्हणजे कोणी उघडलेलंच नाही,” ते म्हणाले. “बरं झालं. मला कोरं मिळालं.”

मला वाटलं, सुटलो. त्यांनी लोणच्याच्या चकत्या पुढे ठेवल्या, चहा ओतला, आणि मग गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत मुलं बसतात तसे बसले.

“सेन्सेई, एक विचारायचं होतं. सहा वर्षं झाली, म्हणतोय भेटले तर विचारू. दुसऱ्या पुस्तकातली ती मिने. औषधाच्या दुकानदाराची बहीण. ती होडीत बसते आणि भावाला म्हणते की सणाला येईन. मग तुम्ही तिचं काही लिहिलंच नाही. आली का हो ती परत?”

मी चहाचा पेला खाली ठेवला.

“माझी बायको म्हणायची, आली असणार. मी म्हणायचो, कसली येतेय. पहाटे सोयाबीन दळताना आमचं यावर भांडण व्हायचं. बायको गेली, मग भांडायला कोणी उरलं नाही. डोळे आहेत तोवर तुम्हाला बघून विचारावं, एवढंच.”

मला मिने आठवेना.

मी जिवाच्या आकांताने शोधली. औषधाचं दुकान होतं का त्या पुस्तकात? भाऊ? होडी तर माझ्या प्रत्येक पुस्तकात असते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी कुठल्यातरी दुपारी मी त्या मुलीला होडीत बसवलं, प्रकरण संपवलं आणि जेवायला उठलो. आणि इथे, या स्वयंपाकघरात, दोन माणसं रोज पहाटे तिची वाट बघत भांडत होती. ‘आली’ असं म्हणता आलं असतं. शब्द तोंडापर्यंत आला होता. पण आता तो सहीसारखाच असता, न मागता दिलेला. रस्त्यावर गुडघे टेकताना वाटली नव्हती एवढी लाज मला तेव्हा वाटली.

“हाचियासान,” मी म्हणालो, “मला ती आठवत नाही.”

त्यांनी भिंग उचललं नाही. माझ्या आवाजावरूनच त्यांना कळलं असावं.

“हरकत नाही,” ते म्हणाले. “मला आठवते.” आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. पुस्तक काढायचीही त्यांना गरज पडली नाही. दुकानाच्या पायरीवरचा ओला कोळसा, भावाचं खोकणं, मिनेने उशीखाली ठेवलेली कंगव्याची पेटी. मी मान खाली घालून ऐकत होतो. पाय बधिर झाले, तरी हललो नाही. होडी सुटली, धक्का दिसेनासा झाला आणि हाचियासान थांबले.

“मग पुढे?” मी विचारलं.

“पुढे तुम्ही लिहिलंच नाही,” हाचियासान म्हणाले. “पुढचं आम्हा नवराबायकोचं आहे. बसा, सांगतो.”

मी बसलो. पावणेपाचची बस आम्हाला ऐकू आली आणि निघून गेली.